चिठ्ठी लिहिणारं काळीज

माणसाच्या छातीत चाललेल्या कारभाराची आमच्या व्याह्यांइतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, डॉक्टर मंडळी धरून सांगतो. डॉक्टर निदान रविवारी दवाखाना बंद ठेवतात. आमचे व्याही रविवारी दुप्पट जोरात असतात, कारण ऐकणारी माणसं त्या दिवशी घरी सापडतात. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. आमच्याकडं बोलताना ‘इवाई’ म्हणतात. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे बघणारा माणूस. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की पल्याडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत मोजपट्टी, शिट्टी आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळं सामान जमा केलं म्हणतात. चिठ्ठ्या लिहायची खोड कुठं जमा करायची ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

आमची ओळखच मुळी चिठ्ठीवरून झाली. माझं कुरुंद्याला हळदीचं रान, आणि शाळेत मी मराठी शिकवायचो. एके दिवशी शेतावर चिठ्ठी आली की तुमची पाळी संपली आहे, पाटाचं दार ताबडतोब बंद करावं, नसता कारवाई होईल. तीन ओळींत सात चुका! मी लाल पेनानं त्या दुरुस्त केल्या, खाली दहापैकी साडेतीन गुण दिले आणि चिठ्ठी परत पाठवली. दार काही बंद केलं नाही. तासाभरात फटफटी वाजवत हे महाराज बांधावर हजर. म्हणाले, “मास्तर, गुण राहू द्या, आधी दार लावा. खाली एक जण कोरड्या पाटात बसून राहिलाय.” मी दार लावलं, चहा मागवला, आणि पुढं काही वर्षांनी त्याच बांधावरच्या चहाची सोयरीक झाली. त्यांच्या चिठ्ठ्या तशा कुणीच मनावर घेत नसे. शेतकरी वाचायचे, घडी घालून टोपीत ठेवायचे आणि पाणी घेत राहायचे. पण दर पाळीच्या शेवटी ते एक चिठ्ठी लिहायचे, ‘शेवटच्या शेतात पाणी पोचले.’ ती मात्र कुणाला बजावायची नसे. ती लिहिली की दोन दिवस स्वारी खुशीत असायची.

कालव्याचा एक नियम आहे. पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग एकेक शेत वर सरकायचं. नाहीतर वरचेच सगळं पिऊन घेतात. हा नियम त्यांनी लेकीच्या लग्नात पंगतीला लावला. आम्ही वरपक्ष, मान आमचा, म्हणून मांडवाच्या तोंडाशी पहिल्या रांगेत ऐसपैस बसलो. व्याह्यांनी शिट्टी फुंकली आणि सगळे वाढपी शेवटच्या रांगेकडं पिटाळले. पार कडेला बसलेल्या अनोळखी वाटसरूंच्या ताटात जिलबी पडली आणि नवरदेवाचा थोरला चुलता रिकाम्या ताटाकडं बघत दाढी खाजवत बसला. माझा पारा चढलेला. तेवढ्यात व्याही पंगतीतून पळत आले, दोन्ही हात वर करून म्हणाले, “घाबरू नका इवाई, वरण वर येऊन राहिलं!” त्या दिवशी आम्ही जेवलो ते जवळजवळ चहाच्या वेळेला. पण एक सांगतो, त्या लग्नातून उपाशी कुणी गेलं नाही.

आमच्याकडं अजून काही घरांत रीत पाळतात की लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घेऊ नये. व्याह्यांनी ती रीत पहिल्याच खेपेला उडवून लावली. “कालव्याचं पानी समद्याइचं, मंग लेकीच्या घरचं काहून न्हाई?” असं म्हणत त्यांनी उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला, आणि मग माझ्या बायकोच्या आंब्याच्या लोणच्याची बरणी मांडीत घेऊन बसले. लोणचं, खारातल्या मिरच्या, तळलेल्या कुरडया, पापड, जे जे म्हणून खारट ते ते त्यांचं. तीन वर्षं हे असं चाललं. जाताना एक बरणी खाकी पिशवीत जायची आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो यायचा, ‘लोनचे उत्तम.’ बायकोनं त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. माझ्या एकाही पत्राचं तिनं एवढं कौतुक केलेलं नाही.

मग या वर्षीच्या हळदीच्या हंगामात एका सकाळी ते रानात उगवले. आमचा हळद शिजवायचा बॉयलर पेटलेला, ड्रममधून वाफ निघतेय, हळदीचा वास नाकात बसलेला, आणि हे येता येताच ओरडले, “इवाई, आपन फसलो! काळीज म्हंजी निस्ता पंप न्हाई!” मला वाटलं कुणी गेलं की काय. पण ते बॉयलरजवळच्या गड्यांना गोळा करून बसले सुद्धा. “शाळंत आपल्याला शिकवलं, काळीज रगत ढकलतं. ते तर ढकलतंच. पण ते चिठ्ठ्यासुदिक लिहितं! छातीत पानी जास्ती झालं, काळजाच्या भिंती ताणल्या, की ते सोता एक रस सोडतं रगतात. हार्मोन! ती चिठ्ठी जाती किडनीकडं. मजकूर काय? मीठ सोडा, पानी सोडा. किडनी दार उघडती, पानी भाहीर, काळीज मोकळं.” बॉयलरवाला गडी वाफेची नळी सांभाळत म्हणाला, “मंग पोस्टमन कोन?” व्याह्यांनी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. “रगत! शाब्बास! याला कळलं, आन मास्तरला न्हाई कळलं!” मी म्हटलं, हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथी शरीरात ठरलेल्या असतात, त्यात काळीज नाही, मी स्वतः निबंधात वाचलंय. त्यांनी माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मला माझ्या डीएडची शंका आली.

झालं! त्या दिवसापासून जिल्ह्याला दुसरा विषय नाही. नरसीच्या रस्त्यावर चहावाला दिसला, फटफटी थांबवून काळीज. एसटीत शेजारी बसला, काळीज. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी गेली की हृदयाच्या चित्राखाली ‘ही ग्रंथीपण आहे’ असं खडूनं लिहावं, खाली सही, शिक्का मात्र नाही. शेजारच्या गावात एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. पाठवणीच्या वेळी नवरीची आई रडून रडून म्हणाली, काळीज भरून आलं हो. सगळे डोळे पुसत होते आणि हे पुढं सरसावले. “भरून आलं ना? बराबर! आता ते चिठ्ठी लिहील. म्हनून तर पाठवणी झाली की मांडवामागं लघवीला रांग लागती.” मी सदरा धरून त्यांना मागं ओढलं. पण खोटं कशाला बोलू, गाड्या निघाल्यावर मी मांडवामागं डोकावलो. रांग होती!

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट माझ्या बायकोनं हेरली. बॉयलरच्या धगीत तासभर बोलून घसा कोरडा पडलेला माणूस आमच्याकडं पाणी पीत नव्हता. ती तांब्या घेऊन आली तर हात जोडून म्हणाले, “नको विहीणबाई. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं पानी घेऊ नये म्हन्त्यात.” तीन वर्षं घटाघटा प्यायलेला माणूस! लोणच्याची बरणी पुढं केली तर तिच्याकडं सासरी निघालेल्या पोरीसारखं बघितलं आणि मान फिरवली. बायको त्या दिवसापासून धुमसायला लागली. “काय कमी पडलं आपल्याकडून? पाणी नाही, मीठ नाही. हे रुसणंच झालं की!” मी म्हटलं, असं काही नसेल. पण चैत्रात सुनेचं डोहाळजेवण झालं आणि माझीही खात्री पटली. केवढं ताट होतं! व्याह्यांनी पुरणपोळी खाल्ली, वाटीभर दूध घेतलं, आणि ताटाची डावी बाजू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड, जशीच्या तशी ठेवून उठले. ओटी भरून झाल्यावर सून त्यांच्या पाया पडायला वाकली. सातवा महिना, सगळ्या बाया राहू दे राहू दे म्हणत होत्या, तरी वाकली, आणि बराच वेळ वाकूनच राहिली. आम्हाला वाटलं पोटामुळं उठवत नाही. मीच हात देऊन उठवलं तिला.

आणि मग ती चिठ्ठी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो काढून. ‘बाळंतपन तिकडेच करावे. इकडे सोय नाही.’ आता पहिलं बाळंतपण माहेरी हे आमच्याकडं लहान लेकराला विचारलं तरी सांगेल. माझी बायको फोन हातात धरून घरभर फिरली. “सोय नाही? स्वतःच्या लेकीची सोय नाही? लोकांच्या काळजाची उठाठेव करतात आणि यांचं काळीज कुठं आहे?” पोरगा माझ्यावर चिडला, मी बायकोवर चिडलो, आणि सून भाकरी थापत राहिली. तिचं तोंड बघवत नव्हतं. दोन्ही घरं तुटायची वेळ आली होती आणि मधे ती, पोटुशी. मी ठरवलं, आपणच जायचं. रुसलेल्या व्याह्याला फेटा बांधून, नारळ देऊन घरी आणायचं. नवा फेटा घेतला, बायकोनं दात-ओठ खात का होईना लोणच्याची बरणी बांधून दिली, आणि मी सिद्धेश्वरला निघालो.

दार उघडंच होतं. ओसरीवर हळद तोलायचा मोठा काटा, आणि त्यावर आमचे व्याही सरळ उभे, फक्त धोतरावर. पलीकडं आमच्या विहीणबाई, सुनेची आई, हातात खडू घेऊन. “बासष्ट पॉइंट चार,” ते ओरडले, “कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम खाली. पातळी उतरून राहिली, लिही!” ज्या भिंतीवर पूर्वी धरणाच्या पातळीचे आकडे असायचे तिथं त्यांचं रोजचं वजन होतं, आणि खाली तांब्या-पेल्याच्या खुणा करून दिवसभरात किती पाणी प्यायचं त्याचं वेळापत्रक. कोनाड्यात गोळ्यांच्या पट्ट्या. मला बघून ते काट्यावरून उतरले, आणि मी त्यांचे पाय बघितले. बुटाविना मी ते कधी बघितले नव्हते. घोट्याशी सुजून टम्म. फेटा माझ्या हातातच राहिला.

“बसा,” ते म्हणाले, आणि चोरी पकडलेल्या माणसासारखे हसले. “हिवाळ्यात दम लागाया लागला. नांदेडला दाखवलं. डॉक्टरनं रगत काढलं, बीएनपी म्हन्त्यात त्या तपासनीला. मी इचारलं, हे काय मोजता? तो म्हनला, तुमचं हृदय किती हार्मोन सोडतंय ते. तवा मला ही समदी भानगड कळली. इवाई, हज्जारो चिठ्ठ्या निघाल्या! माझं काळीज थकलं, पानी साठाया लागलं, तर ते बिचारं एकसारखं लिहून राहिलं, मीठ सोडा, पानी सोडा. आन किडनी? घडी घालून टोपीत!” ते खदाखदा हसले आणि हसता हसता धाप लागून खांबाला टेकले. विहीणबाईंनी नुसता पाठीवर हात ठेवला. “म्हनून पानी मोजून, मीठ बंद. तुमच्याकडं काय सांगू? लेकीला कळलं तर ती बाळंत होईस्तोवर रडंल. ते लेकरापर्यंत जाईल. तिला माहेरी आनली तर हे काटा, गोळ्या, कुठं लपवू? तवा रीत सांगितली. रुसलो म्हना तिला. बाप रुसला हे पोरीला चालतं, बाप आजारी हे न्हाई चालत.”   मी आणलेला फेटा त्यांना बांधला, गळ्याला हात लावून शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही, आणि लोणच्याची बरणी तशीच परत घेऊन आलो.

पुढचे दोन-अडीच महिने माझे हाल कुत्रं खाईना. बायको म्हणे, रुसवा काढला का? मी म्हणे, निघतोय. बरणी परत का आली? मी म्हणे, त्यांच्याकडं अजून शिल्लक आहे. वसमतचा दवाखाना आम्हाला जवळ पडतो, असं सांगून बाळंतपण इथंच ठेवलं. सून तरीही काही विचारत नव्हती, यातच मी खूश होतो. माझ्या मनात येई, पोरगी साधी आहे, चला बरं झालं. रोज सकाळी व्याह्यांची चिठ्ठी फोनवर यायची, फक्त आकडा. मी तो बघायचो आणि पुसून टाकायचो. एवढी गुपितं मी लग्नाआधीसुद्धा सांभाळली नव्हती.

आषाढात नात झाली. बाराव्या दिवशी बारसं. व्याही आले, नवा फेटा बांधून. आमच्या ओट्याला चारच पायऱ्या आहेत, ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा म्हणाले, “तुळस काय छान आली हो.” बायको दारातच तांब्या घेऊन उभी. “आता नात झाली. आता रीत मोडत नाही. आता सांगा बहाणा!” मी तांब्या काढून घ्यायला पुढं झालो. पण व्याही माझ्या कानाशी लागले, “भिऊ नका. सकाळपासून थेंब घेतला न्हाई. आजची समदी पाळी या घरासाठी राखून ठेवली.” आणि मोठ्यानं, “आना, तांब्या भरून आना!” तोवर सून आतून आली. तिच्या हातात छोटा पेला होता, जेमतेम पाऊण भरलेला.

“अप्पा, एवढंच.”

“अगं माय, बारशाचा दिस हाय…”

“सकाळी दोन कप चहा झाला तुमचा. आईनं वाटंतून फोनवर समदं सांगितलं. मंग औंढ्याला उतरून उसाचा रस झाला. राहिलं ते हे एवढं. आन वरण वेगळं काढलंय, बिनमिठाचं. लोणच्याकडं बघू नका.”

 व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गळ्याला हात लावला, मी नाही, देवाशप्पथ मी नाही. सून खाली बसली, त्यांच्या बुटाची नाडी सैल करत म्हणाली, “ओटी भरली त्या दिशी पाया पडले ना. बोटं रुतली, अप्पा. हात उचलला तरी खड्डे तसंच होते. लई येळ बघितलं म्या, भरंनातच.”

“मंग बोलली काहून न्हाईस?”

“तुमाला वाटत होतं मला कळू नये. म्हनून म्या कळू दिलं न्हाई.”

माझ्या बायकोनं लोणच्याची बरणी उचलली, “आग लागो या लोणच्याला,” म्हणत आत गेली, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. या तीन महिन्यांत आमच्या घरात त्या माणसाबद्दल काय काय बोललं गेलं ते मला एकेक आठवायला लागलं. व्याही पेला दोन्ही हातांत धरून एकेक घोट घेत होते.  मग त्यांनी खाकी पिशवीतून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, दोन शब्द लिहिले, थांबले, उरलेले लिहिले, पान फाडून लेकीच्या हातात दिलं. आणि लगेच पाळण्यापाशी जाऊन बारा दिवसांच्या नातीला मोठ्यानं सांगायला लागले की बाई गं, काळीज म्हंजी निस्ता पंप न्हाई.

हल्ली ते कमी येतात. सकाळचा आकडा आता माझ्या फोनवर येत नाही, सुनेच्या येतो. अर्धा किलो वर गेला की ती भाकरी तव्यावर टाकून फोन लावते आणि बापाला अशी झापते की मी वर्गात कुणाला तसं झापलं नसेल. ती चिठ्ठी तिनं कपाटाच्या आरशाच्या कडेला खोचून ठेवली आहे. ‘शेवटच्या शेतात पानि पोचले.’ एवढंच आहे त्यात. मी रोज भांग पाडताना ती वाचतो, लाल पेन माझ्या खिशातच असतं, आणि ते खिशातच राहतं.